जुन्या फ्रीजचा जबाब

"या भंगारानंच तुझ्या आप्पांचा जीव घेतला," असं म्हणत श्रीरंगनं कॅराव्हॅनमधल्या जुन्या फ्रीजला लाथ घातली. "घे, आणला नवा. आता तुझी भुणभुण बंद कर."

आप्पा गेल्यापासून हेमांगीनं नव्या फ्रीजसाठी ही भुणभुण मुद्दामच लावली होती.

मेकॅनिक वाघमोड्यांनी टेम्पोतून आणलेला नवा फ्रीज दाराबाहेर माळावर उभा केला आणि दोन्ही फ्रीज वायरीनं जोडले. जुन्याची जागा घेण्याआधी नवं यंत्र त्याची चौकशी करतं, आणि जुनं यंत्र फक्त तेव्हाच तोंड उघडतं. श्रीरंगला हे ठाऊक नव्हतं. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचणं हे बायकोचं काम, असं तो मानायचा.

"तू कधी बिघडलास?" नव्यानं विचारलं.

"मी बिघडलोच नाही," जुना खरखरला. "बाई बाहेर गेल्या की साहेब मला बंद करायचे, टीव्ही आणि एसी एकदम चालावेत म्हणून. आत आप्पांचं इन्सुलिन होतं. बाई यायच्या आत मला पुन्हा चालू करायचे."

श्रीरंग वायर उपटायला धडपडत खाली उतरला. हेमांगीनं त्याच्यामागे दार ओढून आतून कडी घातली आणि खिडकीतून म्हणाली, "वाघमोडे, जुनाच राहू दे."

वाघमोड्यांनी वायर सोडवली आणि टेम्पो चालू केला. पाठोपाठ हेमांगीनं स्टिअरिंगवर बसून कॅराव्हॅनही काढली.

रणरणत्या माळावर श्रीरंगजवळ कोरा करकरीत फ्रीज उरला. तो जोडायला तिथं कुठंच वीज नव्हती.