बाहीवरची चिठ्ठी

धोंडीबा खटावकरांनी संस्थानिकांचे अंगरखे शिवले, त्यांच्या मुलाने, केशवने, मामलेदारांचे कोट आणि केशवच्या सुभाषने शाळांचे गणवेश. त्याच सुभाषचा मुलगा निनाद आज मुलाखतीला निघताना शेजारच्या आजीच्या, म्हणजे माझ्या, पाया पडायला आला, तो तयार सुटाच्या बाहीवर कंपनीची चिठ्ठी मिरवत.

"ही काय तऱ्हा?" मी विचारले.

"ब्रँड आहे, आजी. दिसायला नको?"

"गाढवा, तो दुकानात दिसण्यासाठी असतो. पाठमोरा हो."

कोटाची पाठीमागची चीर, जी घालण्याआधी उघडायची असते, ती अजून दुकानातल्या कच्च्या टाक्यांनी बंद होती आणि आवळून लावलेल्या खालच्या बटणामुळे पोटावर सुरकुत्या पडल्या होत्या. खटावकरांच्या पोराला हे मी सांगावे, याचाच मला संताप आला. याआधी दोन ठिकाणांहून तो असाच परतला होता आणि दोष नशिबाला देत होता.

"नशीब पुरे. कात्री आण."

चिठ्ठी उसवली, टाके कापले, खालचे बटण सोडले. कोट अंगावर शहाण्यासारखा बसला. निनाद आरशापुढून हलेना.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुझ्या आजोबांनी. आमच्या ह्यांच्या पहिल्या मुलाखतीचा कोट त्यांनी शिवला, याच आरशापुढे नीटनेटका करून दिला आणि शिलाई घेतली नाही. म्हणाले, 'वहिनी, उद्या माझ्या घरचं कुणी असं निघालं, तर तुम्ही नजर टाका.'"

तो पुन्हा वाकू लागला. "सुरकुत्या पडतील," म्हणून मी त्याला थांबवले आणि दाराकडे पिटाळले. साठ वर्षांपूर्वीची शिलाई आज पुरती चुकती झाली.