भिंतीचा आधार

मागचा शेवटचा मजला उतरवला, धूळ खाली बसली, आणि रस्त्यावरची माणसं माना वर करून बघतच राहिली. इमारत गेली होती, पण तिचा चेहरा जागच्या जागी होता. दगडी कमानी, कोरीव सज्जे, उंच खिडक्यांच्या रांगा; आणि प्रत्येक खिडकीत नुसतं आभाळ.

मुकादमाचे हात आपोआप जोडले गेले.

"कुणाच्या हातची असेल ही," तो पुटपुटला.

"ज्याच्या हातची असेल त्याची," इंजिनीयर बाई म्हणाली, "आता तुमच्या हातात आहे, काका."

पालिकेचा हुकूम साधा होता. जुना दर्शनी भाग राखायचा, त्याच्यामागे राहत्या घरांचा टोलेजंग मनोरा उभारायचा. मात्र भिंत बोटभर जरी कलली, तरी ती धोक्याची ठरवून पाडायची. मालक त्याच बोटभराची वाट बघत होता. त्याला समोर चकचकीत काच हवी होती.

भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याची शेड होती. मुकादम तिथंच राहायचा आणि त्याची बायको सगळ्या कामगारांचा स्वयंपाक करायची.

"ही बया माझ्या डोक्यावर आली म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"येत नाही. लोखंडाचा सांगाडा तिला दोन्ही अंगांनी कवेत घेणार. लोखंड आणि दगडाच्या फटीत लाकडी पाचरी बसल्या की हत्ती आणून ढकल, हलायची नाही."

"हत्ती राहू द्या. आधी चुलीचं बघा. सगळं लाकूड ओलं. धुरानं डोळे गेले माझे."

"सुताराकडे तुकडे पडलेले असतात, ते घेत जा. मी सांगितलंय म्हणावं."

सुतारानं जुन्या इमारतीच्या तुळया कापून पाचरी केल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या सुकलेलं, हाडासारखं टणक लाकूड. मुकादमानं एक पाचर हातात घेऊन वास घेतला. घराचंच लाकूड घराला सावरणार, या विचारानं त्याला भरून आलं.

आणि नेमका तेव्हाच तो तापानं आडवा झाला. डोळे उघडले की छतावर चुलीचा उजेड नाचताना दिसे, आणि चहा म्हणेपर्यंत कप हातात येई.

तो उठून बाहेर आला तेव्हा सांगाडा जोडणारा फिटर आणि सुतार, दोघंही आपापलं आवरून दुसऱ्या कामांवर गेले होते. सांगाडा उभा होता. त्यावर हिरवी जाळी चढली होती. पाचरींचा ढीग संपला होता. मुकादमानं समाधानानं मान डोलावली आणि सगळ्यांना बजावलं, "बसलेल्या पाचरीला हात लावायचा नाही. एकदा डिवचली की रुसते. जाळीच्या आत कुणी जायचं नाही."

कुणी गेलं नाही. चिमण्या तेवढ्या जात-येत राहिल्या.

पायाचं काम सुरू झालं. जमीन अशी हादरे की चहाच्या कपात तरंग उठत. रस्त्यापलीकडे इंजिनीयर बाई दुर्बिणीला डोळा लावून बसे आणि मुकादम श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राही.

"जागेवर आहे," ती म्हणे. तेव्हा कुठे तो श्वास सोडे.

मालक यायचा. "हलली का?"

"नाही साहेब."

"कामात पाचर मारलीत तुम्ही माझ्या, मुकादम."

"एक नाही साहेब, ढीगभर मारल्यात."

मग एक दिवस वादळ आलं. झाडं मोडली, पत्रे उडाले. मोकळ्या खिडक्यांतून वारा असा घुमू लागला, जणू भिंतच सूर लावून गात होती. मुकादमानं बायकोला बाहेर ओढायला धाव घेतली. ती शांतपणे परातीत पीठ मळत होती.

"चल, ऊठ आधी."

"तुमच्या पाचरी आहेत ना? मग मी कशाला भिऊ?"

तिच्या त्या विश्वासानं त्याचे पायच खिळले. वारा ओसरेपर्यंत तो तिच्याशेजारी बसून राहिला. भिंतही राहिली.

मागे मनोरा चढत गेला. खिडक्यांतलं आभाळ एकेक करून मावळलं आणि त्याजागी खोल्या आल्या. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधून दगडात सळया गेल्या, पक्क्या झाल्या. मग एका सकाळी इंजिनीयर बाईनं दुर्बीण मिटली.

"मनोऱ्यानं हात धरला तिचा. आता सांगाडा उतरवा."

मालक रस्त्यावर उभा राहून वर बघत होता. जुन्या दगडांवर ऊन पडलं होतं आणि त्यांच्यामागून मनोरा ढगांपर्यंत गेला होता. मग त्यानं मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवला.

"काचेत हे आलं नसतं," तो म्हणाला. "तुमच्या पाचरींची कमाल."

पहिली पाचर काढायचा मान मुकादमाचा. हातोडा घेऊन तो वर चढला, जाळी बाजूला केली आणि पाचर चाचपायला हात घातला. लोखंड आणि दगड यांच्यामधून त्याचा तळवा कशालाही न लागता आरपार गेला. तो पुढे सरकला. तिथंही मोकळं. त्याच्यापुढच्या फटीत चिमणीचं घरटं होतं. तो रांगेच्या टोकापर्यंत गेला, मग खालच्या रांगेत उतरला. लोखंड कुठंच दगडाला टेकलेलं नव्हतं.

त्यानं हातोडा खाली ठेवला आणि उन्हानं तापलेल्या दगडावर कपाळ टेकलं.

"काय झालं काका? घट्ट बसल्यात का?" इंजिनीयर बाईनं खालून विचारलं.

तेवढ्यात शेडच्या दारातून बायकोची हाक आली.

"अहो, तिथं लाकडाचे तुकडे निघाले तर खाली टाका. तुम्ही तापात होता तेव्हा सुताराकडचा अख्खा ढीग आणला होता मी. तसा जाळ पुन्हा कधी लागलाच नाही."