तारुण्याची निर्यात

“त्या देशात पैसा अमाप आहे, पण माणसं थोडी, तीही म्हातारी,” एजंट सुर्वे दारातून शेवंताबाईंना समजावत होता. “आपल्याकडे तरुणांना तोटा नाही. तुमच्या रेवतीच्या आयुष्यातली दहा वर्षं यंत्राने काढून त्यांना चढवतील. तुमचं घर उभं राहील.”

“दहा म्हणता आणि किती काढता, ते मला ठाऊक आहे. चालते व्हा.”

“आता तरुणांनी वर्षं द्यायचीच, असा कायदाच आहे, बाई.” सुर्वे आत शिरू लागला.

काठी टेकत आलेल्या एका वाकलेल्या माणसाने त्याची वाट अडवली.

“बाजूला व्हा, आजोबा.”

“मी रेवतीचा भाऊ, दिगंबर. सव्वीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी तूच मला विमानात बसवलंस.”

सुर्वेने नजर वळवली. “मुलीला बोलवा,” तो म्हणाला.

दिगंबरने काठी उगारली.