मागच्या कोऱ्या पानावर

आपलंच गेल्या वर्षीचं अक्षर वाचून दमयंतीला हसू आवरेना. कादंबरीच्या मागच्या कोऱ्या पानावर तिने शिसपेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: 'पौष वद्य तृतीया. वाचून झाली. नायिका पानोपानी मूर्च्छा येऊन पडते. हिला घरात कामं नव्हती वाटतं.' गेल्या मार्गशीर्षात लग्न होऊन ती साताऱ्याहून रत्नागिरीला आली, तेव्हा इथे तिच्या ओळखीचं काळं कुत्रंही नव्हतं. नवरा वाचनालयातून कादंबऱ्या आणून देई, आणि वाचून झाली की ती अशी शेवटी जीभ मोकळी करून घेई. यंदा तिने त्याच कादंबऱ्या हट्टाने परत मागवल्या होत्या. तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं ते बघायची हौस, दुसरं काय.

तिच्या ओळींखाली आणखी कोणीतरी लिहिलं होतं. तिथी वद्य एकादशीची, म्हणजे आठ दिवसांनंतरची. 'कामं असली तरी मूर्च्छा येते बाई. तुला अजून यायची आहे.'

दमयंती पुन्हा हसली. गावात आपल्यासारखीच एक तिखट जिभेची वाचणारी आहे, याचा तिला आनंदच झाला.

हरिश्चंद्र कचेरीत जायला निघाला होता. डोक्यावर टोपी नीट बसवत त्याने तिच्याकडे पाहिलं.

"एकटीच हसतेस हल्ली," तो म्हणाला. "बरं नव्हे हो ते."

तो स्वतः कधी कादंबरी उघडत नसे. पुस्तक हातात असलं की बाईमाणूस फार प्रश्न विचारत नाही, असं त्याचं मत होतं आणि ते तो चारचौघांत बोलूनही दाखवी. दर रविवारी तो कलमांच्या बागेत जाई आणि जाताना वाचून झालेली कादंबरी घेऊन जाई. वाचनालय वाटेवरच आहे म्हणे.

दुसऱ्या कादंबरीत तिच्या टीकेखाली कादंबरीबद्दल अवाक्षर नव्हतं. 'परसातल्या विहिरीकडची तिसरी पायरी पावसात निसटते. जपून उतर.' त्याच जांभ्याच्या पायरीवरून दमयंती श्रावणात घसरून पडली होती. वाचनालयातल्या कुणा बाईला आपलं परस कसं ठाऊक?

तिसरी कादंबरी तिने सुरुवातीपासून वाचलीच नाही. तडक शेवटचं पान काढलं. 'तो ओरडत नाही म्हणून फसू नकोस. जितका गोड बोलेल तितकी सावध राहा.'

आता मात्र ती घाबरली. हे मोठ्या गाठीचं, उजवीकडे कललेलं अक्षर आपण रोज बघतो, असं तिला वाटत राहिलं. कुठे ते आठवेना. स्वयंपाकाला गेली आणि फळीकडे हात नेताच आठवलं. कुळीथ, तिरफळं, आमसुलं, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी डकवलेली होती. तिने डबा आणून पानाशेजारी धरला. अक्षर एकच होतं.

त्या चिठ्ठ्या सगुणेच्या, हरिश्चंद्राच्या पहिल्या बायकोच्या. सगुणा माहेरी मालवणला गेली आणि तिकडेच तापाने वारली. सवतीवर मुलगी देणार नाही म्हणून अडून बसलेल्या दमयंतीच्या वडिलांना हरिश्चंद्राने हे स्वतः, डोळे पुसत सांगितलं होतं. म्हणजे या तिथ्या लिहिल्या गेल्या तेव्हा सगुणेला जाऊन वर्ष उलटलं होतं.

दोन दिवस दमयंतीला अन्न गोड लागेना. भूत म्हणावं, तर भुताला शिसपेन्सिल कोण देतं? तिने मनाचा हिय्या केला आणि त्याच पानावर खाली लिहिलं: 'तुम्ही कोण? कुठे आहात?' रविवारी हरिश्चंद्र ते पुस्तक काखेत मारून गेला.

तो आठवडा तिने कसाबसा काढला. मधेच शेजारच्या यमुनाबाई अंगारा घेऊन आल्या. तुला बरं नसतं, एकटीच हसतेस, डबे पुढ्यात घेऊन बसतेस, असं हरिश्चंद्र आळीभर सांगत होता म्हणे. किती जीव आहे हो तुझ्यावर, असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. वर्ष झालं तरी पाळणा हलत नाही, त्याचंच मनाला लागलं असेल, असंही बोलल्या. मी ठणठणीत आहे, असं दमयंतीने सांगून पाहिलं, तर त्यांनी मान हलवून तिच्या कपाळाला आणखी एक बोट अंगारा लावला.

शनिवारी तिने नवऱ्याला जेवताना विचारलं.

"अहो, ती मागची कादंबरी पुन्हा आणाल का? शेवट विसरले मी."

त्याने ताटावरून मान वर करून तिला न्याहाळलं. मग मऊ आवाजात म्हणाला, "आणतो हो. तुझं मन रमलं म्हणजे झालं."

रविवारी संध्याकाळी त्याने पुस्तक तिच्या हातात दिलं आणि पाय धुवायला परसात गेला. विहिरीवर रहाट वाजू लागला. दमयंतीने उभ्या उभ्याच शेवटचं पान काढलं. तिच्या प्रश्नाखाली बारीक, घाईघाईने लिहिलेल्या ओळी होत्या.

'मी सगुणा. मेलेली नाही. गावाबाहेर एक वैद्य वेड्यांना घरात कोंडून ठेवतो, तिथे दोन वर्षं आहे. मला मूल झालं नाही, एवढंच माझं वेड. मी गप्प बसावं म्हणून तू वाचलेली पुस्तकं तो मला आणून देतो. आजच्या आज वडिलांना पत्र लिही, आणि माझ्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी लिही. हे पुस्तक देऊन परत जाताना तो वैद्यांना विचारत होता, बायकांच्या खोलीत आणखी एक खाट मावेल का.'