फ्लॉवरची थंडी

घरात एसी एकच, आजारी आईच्या खोलीत. फ्लॉवरला गड्डा धरायला थंडी लागते, म्हणून बाबांनी कुंडीही तिथल्याच खिडकीत ठेवली.

"सवतच आणून बसवलीत की उशाशी!" ती हसायची. पण रोज डोळे उघडले की आधी सवतीचीच पानं चाचपायची.

ती गेल्यावर पंधरवड्याने मुलाने एसीचा रिमोट उचलला. "बाबा, आता बंद करू या ना?"

"नको रे. फ्लॉवर धरायचाय अजून. थंडी मोडली तर गड्डा बसायचा नाही."

मुलाने कुंडीकडे पाहिलं आणि रिमोट आईच्या उशीजवळ ठेवला.

 

कुंडीत नुसता बुंधा होता. तिच्या शेवटच्या वाटीभर सूपसाठी गड्डा बाबांनीच कापला होता.