चौऱ्याण्णव

अण्णा सुईला घाबरायचे. म्हणून नर्स कापूस आणायला वळताच त्यांच्या लेकीने, यामिनीने, रक्त तपासायच्या यंत्रात त्यांच्याऐवजी स्वतःचंच बोट सरकवलं. खोकला अण्णांना होता; तिला साधी शिंकही नव्हती. आकडा कमी येईल आणि अण्णा वॉर्डातून सुटतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

चौऱ्याण्णव.

या साथीत ताप चढायच्या आधीच रक्ताचा आकडा आजाराचा शेवट सांगायचा, आणि नव्वदच्या वर कुणी वाचत नसे, म्हणून त्यांना ऑक्सिजनही देत नसत. नर्स तिच्या कानाशी हळूच म्हणाली, “घरी न्या वडिलांना. चारेक दिवस आहेत. खावंसं वाटेल ते करून घाला.”

“काय म्हणाल्या गं?” अण्णांनी बाकावरून विचारलं.

टोचलेलं बोट मुठीत दाबून यामिनी म्हणाली, “सोडलं घरी. अण्णा, आज तुमच्या हातचं पिठलं खावंसं वाटतंय.”