शाई नसलेला अंगठा

“तुम्ही अंथरुणाला खिळला होतात तेव्हा तुमचं कोणी केलं? सुनेनंच ना?” स्नेहलच्या वकिलानं विचारलं.

साक्षीच्या पिंजऱ्यातून पुतळाबाईंनी समोर पाहिलं. सून स्नेहल मान खाली घालून बसली होती. पलीकडे रुपेश, पोटचा पोरगा, टक लावून बघत होता. बायको आजारी सासूला बघत नव्हती, म्हणून फारकत द्या, असा त्याचा दावा.

“नाय,” पुतळाबाई म्हणाल्या. “तिनं माजं काय नाय केलं.”

कोर्टाच्या सोनाली टायपिस्टनं ते टाकाटाक संगणकावर उतरवलं.

एवढं धडधडीत खोटं बोलूनही म्हातारी निर्धास्त होती. मागे कुंभिवलीच्या रस्त्यावरच्या अपघातात तिनं साक्ष दिली होती. तेव्हाच्या कारकुनानं सगळं खड्या आवाजात वाचून दाखवलं, चुकलेलं खोडलं, मगच अंगठा घेतला. आजही वाचतीलच. रुपेशची कारखान्यात दुपारची पाळी. तोवर तो मोहोपाड्याला निघालेला असेल. मग हळूच सांगायचं, तेवढं खोडा बाई, या पोरीनं माझं हगणं-मुतणं काढलंय, रोज वेणी घातलीय.

साक्ष संपली आणि रुपेश खरंच निघून गेला. सोनालीनं लाल उजेडाचं छोटंसं यंत्र पुढे सरकवलं.

“अंगठा ठेवा, आजी.”

त्यांनी ठेवला. टुंग असा आवाज झाला.

“आता वाच गं.”

“काय वाचू? अंगठा टेकला की सही लागली, आजी.”

“वाचायच्या आदीच? मला त्यातलं एक खोडायचं हाय.”

“पडद्यावर होतं की सगळं. आता एक अक्षर हललं तरी सही मोडते. बदलायचंच तर तुमच्या वकिलांना अर्ज करायला सांगा.”

पुतळाबाईंचा वकील म्हणजे रुपेशचाच वकील. कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांचा जीव तुटला. पोराची भीती बाळगली नसती, तर बोलायला कितीसा वेळ लागला असता?

सवयीनं शाई पुसायला त्यांनी अंगठा केसांकडे नेला. अंगठा कोरडाच होता.

बाहेर पायऱ्यांशी स्नेहल थांबली होती. डोळे लाल झाले होते.

“आई, पायरी उंच हाय,” ती म्हणाली. “हात द्या. खोपोलीच्या रिक्षात बसवते.”

पुतळाबाईंनी अंगठा मुठीत मिटला आणि दुसरा हात पुढे केला.